काचताईंचे सांधे

कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय मी एकोणीस वर्षं शिकवतोय. इतक्या वर्षांत फळ्यावर शेकडो केबली काढल्या, त्यांतून प्रकाशाचे बाण धाडले, बाणांवर शून्य आणि एक लिहिलं. पण काचेचा तो तंतू स्वतःच्या बोटांत धरून कधी पाहिला नव्हता. हे मी विद्यार्थ्यांना सांगितलं नव्हतं आणि सुदैवाने त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

ज्या दिवशी ही उणीव भरून निघाली, त्या दिवशी आमच्या तंत्रनिकेतनात परिचारिका अभ्यासक्रमाची ऑनलाइन प्रवेश परीक्षा होती. वेळ दुपारी दोनची. एकशे चाळीस मुलंमुली सकाळपासूनच पायऱ्यांवर येऊन बसली होती. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर काका. एकीने तर कडेवरचं बाळ सासूकडे देऊन पुस्तक उघडलं होतं. तिन्ही प्रयोगशाळांतले कॉम्प्युटर आदल्या दिवशीच तपासून झाले होते.

नऊ वाजून वीस मिनिटांनी सगळे पडदे एकदम आंधळे झाले. म्हणजे दिवे होते, पंखे फिरत होते, पण बाहेरच्या जगाशी असलेलं नातं तुटलं होतं. अर्ध्या तासात कारण कळलं. आमच्यापासून सव्वादोन किलोमीटरवर पाण्याचा पाइप टाकायला रस्ता खणत होते. खोदयंत्राच्या दातात केबल अडकली आणि चालकाला कळेपर्यंत त्याने ती ओढून तोडली. नुसतं आमचंच नाही, शेजारच्या दवाखान्याचंही कनेक्शन गेलं होतं.

आमचे प्राचार्य मुळातच घाबरट. ते माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचा एक हात छातीवर होता आणि दुसऱ्यात फोन.

"मास्तर, तुमचा विषय आहे ना हा? मग काहीतरी करा!"

पोहण्यावर पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी विहिरीत ढकलावं, तशी माझी गत झाली. म्हटलं, "मी जागेवर जाऊन बघतो." दुसऱ्या वर्षाचा प्रात्यक्षिकाचा तास होता, प्रयोगशाळा ठप्प होती. अठ्ठावीस मुलं नुसती बसून राहणार, त्यापेक्षा सगळ्यांना बरोबर घेतलं आणि चालत निघालो.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे शंका म्हणत, कारण तिचा हात सदैव वर. वाटेत तिने सुरुवात केली.

"सर, तुम्ही शिकवलंत की शहरातली केबल गोल फिरवून आणलेली असते. एका बाजूने तुटली तर डेटा उलट्या बाजूने येतो. मग आपलं बंद कसं पडलं?"

मी म्हटलं, "जागेवर गेल्यावर बघू." शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो, हे तिलाही ठाऊक होतं.

खड्ड्याजवळ पोहोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. एक बंद निळी गाडी उभी होती आणि खड्ड्याच्या काठावर पाय खाली सोडून एक बाई बसल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, नाकावर घसरलेला जाड चष्मा, केस रुमालात घट्ट बांधलेले. गाडीचे चालक त्यांना काचताई म्हणत होते, आणि चालकांना सगळेच मामा म्हणत होते. काचताई काहीच करत नव्हत्या. नुसत्या खड्ड्यात बघत होत्या.

"ताई, जोडायला कधी घेताय?" मी जरा घाईनेच विचारलं. "दोनला परीक्षा आहे. एकशे चाळीस मुलं खोळंबलीत."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी नेटवर्क शिकवतो."

"अरे वा. मग या, बसा. बघा, काय दिसतंय?"

मी वाकून पाहिलं. मातीत दोन काळ्या केबली, दोन्ही तुटलेल्या, एकमेकींच्या शेजारी.

"दोन केबली," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता शंकाचं उत्तर मला मिळालं. तिलाही मिळालं असावं, कारण ती माझ्या मागून ओरडली, "सर! जाणारी आणि उलटी येणारी, दोन्ही एकाच खड्ड्यात!"

"शाबास," काचताई म्हणाल्या. "कागदावर गोल आहे हो. पण दुसरा खड्डा खणायचा कंटाळा आला कुणाला तरी. एका सुळावर दोघी चढल्या."

मुलं हसली. मी हसलो नाही, कारण परीक्षेत हाच गोल मी दरवर्षी पाच गुणांना विचारत आलो होतो आणि खड्डा किती हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

काचताई खाली उतरल्या. एका केबलची दोन्ही तुटकी टोकं त्यांनी ओढून गाडीत घेतली. आत छोटं टेबल, त्यावर दिवा, पांढरं फडकं, दोन यंत्रं. काळं आवरण सोलून काढलं, आतला चिकट लेप पुसला, तेव्हा बारा रंगीत तंतू बाहेर आले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. पुढचे सहा त्यांनी मुलांकडून म्हणवून घेतले: लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. "हा क्रम चुकला की दवाखान्याचा एक्स-रे फोटो तुमच्या कॉलेजात आणि तुमची प्रश्नपत्रिका दवाखान्यात." त्यांनी निळ्याचा रंग खरवडला. आतली काच दिसलीच नाही. दिव्यासमोर धरल्यावर एक बारीक रेघ चमकली, तेवढंच. केसाएवढी जाड. माझ्या बोटावर त्यांनी ती ठेवली तर वजन कळेना.

"तुकडा पडला तर हाताने झटकायचा नाही. कातडीत शिरला की सापडत नाही," असं बजावून त्यांनी प्रत्येक तुकडा चिमट्याने उचलून झाकणाच्या बाटलीत टाकला.

मग त्यांनी तो तंतू एका यंत्राला लावला. यंत्र प्रकाशाचा एक ठोका सोडतं आणि त्याचा पडसाद परत यायला किती वेळ लागतो ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. वेळ कळला की अंतर कळतं, आणि जाऊन-येऊन असल्यामुळे ते निम्मं करायचं. हे गणित मी झोपेतही सांगेन. आधी टेलिफोन केंद्राकडच्या टोकाकडून पाहिलं, तिकडे सगळं ठीक. मग आमच्या कॉलेजकडच्या टोकाचे तंतू एकेक करून लावले. पडद्यावर दरवेळी एक तिरकी रेघ आली आणि मध्येच कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली.

"सहाशे चाळीस मीटर," काचताई म्हणाल्या. "बाराच्या बारा तिथेच संपतात."

"पण कॉलेज तर सव्वादोन किलोमीटरवर आहे," मी म्हटलं.

"तेच तर. अजून एके ठिकाणी तुटलीय. इथे यंत्राने हिसका दिला ना, त्याची ओढ पुढे गेली. बाहेरून केबल धडधाकट, आत काच गेलेली."

मी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन. आधी हे जोडा म्हणावं, बाकीचं मग बघा, असं त्यांचं म्हणणं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. काचताई शांतपणे म्हणाल्या, "हे जोडून बसले असते तर साडेबाराला कळलं असतं की चालत नाही. आता सव्वाअकराला कळलंय. तुमच्या साहेबांना सांगा, सव्वा तास वाचला."

काम त्यांनी वाटून दिलं. त्या इथे सांधायला बसणार, आणि मी मुलांना घेऊन पुढची जागा शोधायची. मामांनी अंतर मोजायचं चाक दिलं. काठी धरून चालायचं, चाक फिरतं, आकडा वाढतो. मुलं आळीपाळीने ते ढकलत निघाली. केबलच्या मार्गावरच्या दोन झाकणांवरून आम्ही गेलो. सहाशे चाळीस भरले तेव्हा आम्ही एका न्हाव्याच्या दुकानासमोर होतो. खाली सपाट रस्ता. ना झाकण, ना खड्डा, ना कसली खूण. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून न्हावी आमच्याकडे बघत राहिला.

आम्ही परत आलो. मी जरा ताठ मानेनेच म्हणालो, "ताई, तुमचं यंत्र चुकतंय. तिथे काहीच नाही."

त्या सांधणीयंत्रावर वाकल्या होत्या. मान न उचलता त्यांनी विचारलं, "वाटेत झाकणं किती लागली?"

"दोन."

"प्रत्येक झाकणाखाली केबलचं वेटोळं ठेवतात, पुढे-मागे लागेल म्हणून. पंधरा-पंधरा मीटर. तुमचं चाक त्या वेटोळ्यातून फिरलं का?"

मी हातातल्या चाकाकडे पाहिलं.

"प्रकाश मात्र फिरून आला," त्या म्हणाल्या. "आणि केबलच्या आत तंतू सरळ नसतात. जरा पिळून घातलेले असतात. शंभराला एक मीटर जास्त धरा."

शंकाने तोवर तळहातावर पेनने आकडे मांडले होते. "सहाशे चाळीसमधून तीस गेले, सहाशे दहा. त्यातून सहा गेले. सहाशे चार, सर!"

"बेकरीसमोरचं झाकण," मामा लगेच म्हणाले. "तिसरं. मातीखाली झाकलं गेलंय, म्हणून दिसलं नसेल तुम्हाला. आतमध्ये जोडपेटी आहे."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, राग आला नाही. ते आडाखे मांडताना त्या बाईंची बोटं एक क्षणही थांबली नव्हती. तंतू सोलला, स्पिरिटच्या फडक्यातून ओढला, कातणी नावाच्या छोट्या यंत्रात ठेवून एकच हलका दाब दिला. काच कात्रीने कापत नाहीत, ओरखडा काढून अशी मोडतात की टोक आरशासारखं सपाट यावं. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन खांबांसारखी मोठी दिसत होती. खांब सरकत सरकत एका रेषेत आले, मध्ये क्षणभर ठिणगी पेटली आणि दोनाचा एक झाला. सांधा कुठे होता ते शोधूनही सापडेना. खाली आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य दोन. सांध्यात गळालेला प्रकाश इतकाच. त्यावर बारीक नळी चढवून ती तापवली की झालं.

"आधी चारच जोडतेय," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचे दोन, तुमचे दोन. बाकीचे आठ मागून."

"आमचे आधी घ्याल का?" मी विचारून बसलो.

"दवाखान्याचे आधी. तुमची मुलं बसलेली आहेत, तिथे माणसं पडून आहेत."

प्राचार्यांना मी फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आज्ञा केल्यासारखं बोललो. "परीक्षा मंडळाकडून अर्ध्या तासाची सवलत मागून घ्या. मिळेल. मुलांना पाणी द्या आणि सांगा की काम चालू आहे." ते "बरं" म्हणाले. त्यांनाही धक्का बसला असावा.

बेकरीसमोरचं झाकण उघडलं तर आत कमरेएवढं पाणी. मामा आणि मुलांनी बादल्यांची साखळी केली. पाणी उपसता उपसता मामांनी काचताईंची हकिकत सांगितली. त्यांची शाळा अर्धवट सुटलेली. एकोणिसाव्या वर्षी टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडायला लागल्या, एका केबलमध्ये आठशे जोड्या, नुसत्या रंगांवरून ओळखायच्या. काचेच्या केबली आल्या तेव्हा प्रशिक्षणाला आठ पुरुषांची नावं लागली, यांचं नाही. यांनी हक्काची रजा टाकली आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पहिले दोन दिवस कुणी हाकललं नाही म्हणून बसल्या. तिसऱ्या दिवशी काच मोडायला दिली तर आठांच्या हातात चुरा झाला आणि यांचं टोक सपाट निघालं. पुढे एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साहेबांनी प्रेमाने सांगितलं की आता टेबलावर बसून काम करा. ताई म्हणाल्या, "टेबलावर काय जोडू?"

"घरी मात्र सुईत दोरा नातीकडून ओवून घेतात बरं का," मामा म्हणाले. "म्हणतात, सुट्टीच्या दिवशी डोळ्यांनाही सुट्टी."

काचताई पहिल्या जागेचे चार सांधे आटोपून आल्या. गाडी झाकणाला भिडवली, जोडपेटी वर घेतली. आतल्या तबकात तंतूंची बारा वेटोळी व्यवस्थित लावलेली असायला हवी होती. हिसक्याने ती ओढली जाऊन एका कोपऱ्यात सगळी मोडली होती. सहाशे चार मीटर. वीतभरही इकडे तिकडे नाही. खरं तर माझ्या हिशेबातलं एकही सूत्र चुकलं नव्हतं. फक्त रस्ता कसा असतो ते सूत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

पावणेदोनला दवाखान्याचे दोन तंतू जुळले. तिथून फोन आला, एक्स-रेची चित्रं जायला लागली. मग आमचा निळा. कातणीतून काढलेलं टोक त्यांना पसंत पडेना. आकडा आला शून्य पूर्णांक एक एक.

"चालेल हो, ताई," मी घड्याळ बघत म्हटलं. पुस्तकाप्रमाणे ते खरंच चाललं असतं.

"आज चालेल," त्या म्हणाल्या आणि तोडून पुन्हा केलं. शून्य पूर्णांक शून्य एक. मग नारिंगी.

दोन वाजून सात मिनिटांनी मी प्रयोगशाळा सहायकाला फोन लावला. "केंद्राकडे पाकिटं पाठवून बघ." डेटाची छोटी छोटी पाकिटं करून पाठवायची आणि पलीकडून पोच येते का ते बघायचं, नेटवर्कची ही सगळ्यांत साधी चाचणी. अठ्ठावीस मुलं माझ्या फोनभोवती गोळा झाली. न्हावीही दुकान सोडून आला होता.

"चार पाठवली," सहायकाचा आवाज आला. मग थोडं थांबून, "चार आली, सर! एकही हरवलं नाही."

मुलांनी जो आरडाओरडा केला, त्याने बेकरीवाल्याची गिऱ्हाइकं बाहेर आली. काचताईंनी फक्त चष्मा काढून पुसला आणि मामांना म्हणाल्या, "आता राहिलेल्या आठांचं बघू."

परीक्षा दोन वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू झाली. एकशे चाळीसपैकी एकशे अडतीस जण बसले. दोघं साडेबाराच्या सुमाराला कंटाळून निघून गेले होते, त्यांचा फोन लागला नाही. त्या दोघांची मला अजून चुटपुट वाटते. बाळ सासूकडे देणारी ती मुलगी मात्र आत होती, मी खिडकीतून पाहिलं.

मुलांना मी सोडून दिलं, पण चार वाजता माझे पायच मला पुन्हा खड्ड्याकडे घेऊन गेले. बघतो तर शंका माझ्या आधीच पोहोचली होती आणि तुकड्यांची बाटली सांभाळत होती. पहिली केबल पुरी झाली होती. दुसरी नशिबाने तेवढ्या एकाच जागी तुटली होती, आणि तिचे अकरा सांधे झाले होते.

"ताई," मी म्हटलं, "एकदा आमच्या वर्गावर या. मुलांना हे सगळं सांगा."

"मला फळ्यापुढे बोलता येत नाही, मास्तर. तुम्हाला येतं. तुम्ही सांगा."

"पण मला हे येत नाही ना."

त्या जरा सरकल्या आणि टेबलापुढची जागा मोकळी केली. "मग बसा. आकाशी राहिलाय."

मी हात धुऊन बसलो. पहिल्यांदा काच सोलतानाच मोडली. दुसऱ्यांदा टोक तिरकं आलं. तिसऱ्यांदा ठिणगीपर्यंत पोहोचलो, आकडा शून्य पूर्णांक तीन एक. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"तोडा," काचताई म्हणाल्या.

चौथ्यांदा श्वास रोखून दाब दिला. टोकं जुळली, ठिणगी पडली. शून्य पूर्णांक शून्य चार. शंका टाळ्या वाजवणार होती, पण बाटली हातात होती म्हणून तिने नुसतीच मान डोलावली. काचताईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हं. हा राहील."

एकोणीस वर्षांत मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. एकही असं दोन शब्दांचं नव्हतं.

त्यांनी तंतू तबकात वळवून ठेवले, पेटी मिटली, कड्या घट्ट केल्या. पेटीला बांधायची एक चिठ्ठी असते. तारीख, केबलचा क्रमांक, सांधणारा कोण. पुढे कधी पेटी उघडावी लागली तर विचारायचं कुणाला ते कळावं म्हणून. काचताईंनी चष्मा सारखा केला आणि शेवटच्या रकान्यात सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: अकरा मी, एक मास्तर.